मुलाला शेत नफ्याने द्या

प्रश्न : आमचे गाव जळगावपासून रस्त्याने आठ किलोमीटरवर आहे. वडिलोपार्जित सात एकर शेती आहे. रस्त्याला लागून तीन एकर, मग नाला आणि नाल्यामागे चार एकर. विहीर मागच्या तुकड्यात आहे. मागच्या ज्येष्ठात वादळाने कापणीवर आलेली केळी आडवी केली, तेव्हापासून आमच्या मालकांचे मन उठले. लेआउट पाडणारे रस्त्याकडच्या तीन एकरांना एकरी ऐंशी लाख सांगत आहेत आणि मागचेही घेऊ म्हणतात. मालक सत्तावन्न वर्षांचे आहेत. सगळे विकून जळगावात घर घेऊ आणि पोराला दुकान टाकून देऊ, असे ते म्हणतात. मुलगा पंचवीस वर्षांचा, बीएस्सी ॲग्री झालेला. तो शेतीच करीन म्हणतो आणि कर्ज काढून पॉलिहाऊस टाकायचे त्याच्या मनात आहे. मुलगी सुरतेला दिली आहे. शहर तर वाढतच जाणार. अशा वेळी शेतीला पुढे भवितव्य आहे का, आणि मी कोणाची बाजू घेऊ? शेती करणाऱ्याला आजकाल मुलगीही कोणी देत नाही. (नाव-गाव छापू नये.)

उत्तर :

ताई, स. न. वि. वि.

तुमच्या पत्राने मला दोन दिवस कामाला लावले. जमीन विकण्याविषयी या सदराकडे जी पत्रे येतात, त्यांतल्या बहुतेकांत मुलगा पुण्याला किंवा सुरतेला असतो, त्याला शेत विकून फ्लॅटचे कर्ज फेडायचे असते आणि गावाकडचा बाप सातबारा उशाशी घेऊन बसलेला असतो. तुमच्या घरी हे उलटे झाले आहे. तीस-पस्तीस वर्षे राबलेला बाप विका म्हणतो आणि शिकलेला मुलगा मातीत उतरतो म्हणतो. तुम्ही कोणाचीच बाजू घेऊ नका, हिशेबाची वही घ्या. यजमानांचे म्हणणे रस्त्याकडच्या तीन एकरांपुरते बरोबर आहे आणि मुलाचे मागच्या चार एकरांपुरते. दोघेही सातही एकरांविषयी एकाच दमात बोलतात, म्हणून भांडण होते.

शेतीच्या भवितव्याचे आधी सांगतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली शंभरांपैकी पंचेचाळीस माणसे शहरांत राहत होती आणि त्यानंतर शहरे काही आकसलेली नाहीत. शहरातला माणूस काही पिकवत नाही, पण जेवतो रोज, आणि हातात चार पैसे आले की त्याच्या ताटातली भाकरी कमी होऊन भाजी, दूध, फळे आणि अंडी वाढतात. तेव्हा पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक उरणार नाही, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. अडचण निराळी आहे. देशातल्या काम करणाऱ्या शंभर माणसांपैकी पंचेचाळीस-सेहेचाळीस अजूनही शेतीत आहेत आणि देशाच्या उत्पन्नातला शेतीचा वाटा शंभरात अठरा रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे एकाच्या ताटात अडीच माणसे जेवत आहेत. महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी सव्वाचार हेक्टर जमीन होती, ती २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टरवर आली. केंद्र सरकारच्या पाहणीप्रमाणे २०१८-१९ मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यांत पिकातून आलेले ३,७९८ आणि मजुरी-पगारातून आलेले ४,०६३. ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो, हे या आकड्यांत दिसते. मला यातून एवढेच कळते की शेती राहील, ती करणारे हात कमी होतील आणि जे टिकतील त्यांच्या घरात दुसरी एखादी मिळकत असेल. त्या टिकणाऱ्यांत तुमचा मुलगा बसतो की नाही, हे तपासता येते. ते कसे, ते पुढे सांगतो.

आता ऐंशी लाखांचा विचार करू. तुम्ही केळीवाले आहात, म्हणून केळीचाच हिशेब मांडतो. पाच बाय पाच फुटांवर एकरात सुमारे १,७४० झाडे बसतात. झाडामागे ऐंशी रुपये खर्च आणि वीस किलोची रास, म्हणजे घडाचे सरासरी वजन, धरली, तर एकरी खर्च १ लाख ३९ हजार आणि माल ३४८ क्विंटल होतो. क्विंटलला हजार रुपये भाव मिळाला तर हातात दोन लाखांच्या वर थोडे राहतात, दोन हजार मिळाला तर साडेपाच लाख राहतात आणि पाचशेवर आला तर पस्तीस हजारसुद्धा राहत नाहीत. एकाच बागेचे हे तीन निकाल आहेत आणि तिन्ही भाव आपल्या भागाने पाहिलेले आहेत. यांत घरच्यांची मजुरी धरलेली नाही आणि वादळही धरलेले नाही. उलट ऐंशी लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला पाच लाख वीस हजार येतात, आणि त्यासाठी रात्री दोन वाजता विजेची पाळी आहे म्हणून कोणाला उठावे लागत नाही. तेव्हा रस्त्यावरच्या जमिनीचा भाव पिकातून निघत नाही, हे यजमानांचे गणित चुकीचे नाही. त्या जमिनीचा भाव आता मातीवर ठरत नाही, रस्त्यावर ठरतो. तिथे काळी कसदार जमीन असली काय आणि मुरमाड बरड असली काय, लेआउटवाला एकच दर सांगेल.

शिवाय ते तीन एकर शेती म्हणून फार दिवस राहणारही नाहीत. तुम्ही विकले नाही तरी शेजारचा विकेल. शेजारी घरे झाली की फवारणीचा वास येतो म्हणून लोक भांडायला येतात, नाल्यातून गावठाणाचे सांडपाणी वाहू लागते, बांधावर प्लॅस्टिक साचते, आणि मक्याची कणसे व हरभऱ्याचे टहाळ संध्याकाळी फिरायला निघालेली कुटुंबे कौतुकाने तोडून नेतात. लेआउटवाल्याने भर टाकून जमीन उंच केली तर पावसाचे पाणी तुमच्या शेतात थांबते. शहराला लागून शेती करता येते, पण शहराच्या मध्ये अडकून करणे फार कष्टाचे असते. म्हणून पुढचे तीन एकर विकण्यात मला पाप दिसत नाही.

विकण्याच्या पद्धतीत मात्र पाप होऊ शकते, आणि ते आमच्या घरात झालेले आहे, म्हणून सांगतो. १९९६ साली धुळ्याजवळची आमच्या वाटणीची सव्वादोन एकर जमीन आम्ही अशाच एका प्लॉटवाल्याला दिली. त्याने विसार दिला, गोड बोलून मुखत्यारपत्र लिहून घेतले, आणि तिसरा हप्ता पुढे दोन वर्षांनी दिला, तोपर्यंत निम्मे प्लॉट त्याने आमच्याच नावावर सही करून विकलेही होते. हप्त्या-हप्त्याने आलेल्या पैशाचे काय झाले, ते मी अजून बोटांवर सांगू शकतो. पहिल्यात धाकट्या भावाची जीप आली, दुसऱ्यात बहिणीचे लग्न आणि घराचा स्लॅब झाला, तिसरा हप्ता आला तेव्हा जीप विकायला काढलेली होती. आमची विहीर आज एका बंगल्याच्या पार्किंगखाली आहे, तिच्यावर लोखंडी जाळी टाकली आहे. जमीन गेली याचे मला फारसे वाईट वाटत नाही. पैसा घरात येण्यापूर्वी तो कशासाठी, हे कोणी कागदावर लिहिले नाही, याचे वाईट वाटते.

म्हणून सहीच्या आधी पुढच्या गोष्टी करून घ्या. त्यांतली पहिली माझ्या मते सगळ्यांत मोठी आहे आणि ती तुमच्या पत्रात कोठेच नाही. पुढचे तीन एकर गेले की मागच्या चार एकरांना रस्ता राहत नाही. केळी कापणीला ट्रक बांधापर्यंत लागतो. तो येत नसेल तर व्यापारी माल डोक्यावर वाहायची मजुरी तुमच्याच भावातून कापतो. तेव्हा किमान पंधरा फुटांचा रस्ता, नाल्यावरची फरशी (छोटा पूल) आणि विजेच्या डीपीची जागा, या सगळ्यांचा तुमचा कायमचा हक्क खरेदीखतात चतुःसीमेसह लिहून आणि मोजणीच्या नकाशावर दाखवून घ्या. ‘आपलाच माणूस आहे, रस्ता कोण अडवतो’ या वाक्यावर विसंबू नका. प्लॉट विकून झाल्यावर तो आपला माणूस तिथे नसतो, पन्नास अनोळखी प्लॉटधारक असतात. मागचे चार एकर याच भावात मागितले जात असतील, तर रस्ता अडकण्याची भीती दाखवूनच मागितले जात असतील, असा मला संशय आहे.

दुसरी गोष्ट मुलीची. जमीन वडिलोपार्जित असल्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीप्रमाणे मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो आणखी स्पष्ट केला आहे. घेणारा तिची सही मागणारच. ती सही हक्कसोडपत्रावर घाईने घेऊ नका. सुरतेला दिलेल्या मुलीला माहेरची जमीन नको असते, असे आपण गृहीत धरतो. उधना-लिंबायतमध्ये अर्धा खानदेश भाड्याच्या खोल्यांत राहतो आणि तिथल्या मुलीला पैशाचे मोल आपल्यापेक्षा जास्त कळते. तिला विचारा आणि तिचा वाटा तिच्या नावावर द्या.

तिसरी गोष्ट कराची. शेतजमीन विकली की आयकर नाही, ही समजूत शहराजवळ लागू पडत नाही. एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून सहा किलोमीटरच्या आतली शेतजमीन करपात्र मालमत्ता धरली जाते आणि हे अंतर सरळ रेषेत मोजतात. जळगाव महापालिकेची लोकसंख्या २०११ ला चार लाख साठ हजार होती, म्हणून ते याच गटात येते. तुम्ही रस्त्याने आठ किलोमीटर लिहिता, पण ते अंतर कोठून मोजले? हद्दीपासून सरळ रेषेत ते चार-पाचही भरेल. विकण्यापूर्वीची दोन वर्षे जमीन कसलेली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर या करात सवलत मिळते. विसार घेण्यापूर्वी सनदी लेखापालाकडे अर्धा तास बसा. त्याची फी एका गुंठ्याच्या किमतीपुढे काहीच नाही. मुखत्यारपत्र द्यायचे नाही, सगळे पैसे बँकेतून घ्यायचे आणि शेवटचा रुपया जमा झाल्यावरच खरेदीखत करायचे, हे आमच्या सव्वादोन एकरांनी शिकवलेले आहे.

सगळीच्या सगळी जमीन मात्र विकू नका. मुंबई (आता महाराष्ट्र) कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ प्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. ज्या घराच्या नावावर एक गुंठाही उरत नाही, त्या घराला पुढे पुन्हा शेतकरी होणे अवघड जाते. दुकान बंद पडले तर दुसरे काढता येते. ही वाट एकदा बुजली की नातवालाही ती सहज मोकळी होत नाही.

आता मुलाकडे वळतो. पत्रातल्या तुमच्या ओळींवरून तो मला आवडला, म्हणूनच त्याच्याशी जरा कठोर बोलतो. त्याला चार एकर बक्षीस देऊ नका आणि ‘बाबांना मदत करतो’ असेही त्याला करू देऊ नका. त्याला ते शेत नफ्याने द्या. ठरीव रोख रकमेवर वर्षभर कसायला देणे याला आपल्याकडे नफ्याने देणे म्हणतात. त्यात नफा कोणाचा, हा प्रश्न खानदेशाने कधी विचारलेला नाही. तुमच्या शिवारात विहीर-बागायतीला जो चालू दर असेल, तोच दर मुलाने बापाला द्यावा, निम्मा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि निम्मा दिवाळीला. करार तीन वर्षांचा, साध्या कागदावर, दोघांच्या सह्यांचा असावा. परक्याला शेत देताना लोक लिहून देत नाहीत, कारण १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसणारी कुळे जमिनीची मालक झाली, याची धास्ती अजून घराघरांत आहे. बापलेकांत ती भीती नाही.

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण घरच्या शेतीचे सगळे खोटे हिशेब येथेच दुरुस्त होतात. घरची जमीन फुकट धरली, घरच्या चार माणसांची मजुरी फुकट धरली, बैलजोडी आणि शेणखत फुकट धरले, की कोणतेही पीक नफ्यात दिसते. मुलाने बापाला खंड द्यायचा, स्वतःच्या नावे महिन्याचा पगार वहीत लिहायचा, तुम्ही निंदणीला गेलात तर तुमचाही रोज लिहायचा, आणि एवढे होऊन तीन हंगामांत काही उरले तर ती शेती. नाही उरले तर त्याचे वय अठ्ठावीस असेल, डोक्यावर कर्ज नसेल आणि शेत जागेवर असेल. यजमानांचीही यात सोय होते. तीस वर्षांत त्यांच्या हातात ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम कधी आली नसेल, ती आता येईल. आणि दुसरे म्हणजे, खंड घेणाऱ्याने शेतात जाऊन ‘हे असे का लावले’ म्हणायचे नसते, हा नियम त्यांना पाळावा लागेल. तो पाळणे त्यांना केळीपेक्षा जड जाईल, हे मी आताच सांगून ठेवतो.

पॉलिहाऊस नको. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जाणाऱ्या मुलखात प्लॅस्टिकच्या घरात पीक थंड ठेवायला वीज आणि पाणी दोन्ही लागतात, आणि आपल्याकडे त्याच महिन्यात दोन्ही नसतात. रोपवाटिकेपुरते दहा गुंठ्यांचे शेडनेट पहिल्या वर्षी पुरे. शहर जवळ येणे हे संकट आहे तसेच ते त्याचे गिऱ्हाईकही आहे. मेथी, कोथिंबीर, पालक यांसारखा माल दूरच्या शेतकऱ्याला दुपारपर्यंत मार्केटला आणता येत नाही. तुमच्या मुलाला पहाटे कापून सातच्या आत पोहोचवता येतो.

आणि भरताचे वांगे आहेच. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा केळीचा गाजावाजा जास्त झाला, पण शहराकाठच्या लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने मला वांगे जास्त कामाचे वाटते. हिवाळ्यात जळगावात भरीत सेंटरांपुढे लोक किलोने भाजलेले वांगे न्यायला उभे असतात. मागच्या पौषात मी अशाच एका ठिकाणी तासभर बसलो होतो. बाई प्रत्येक वांगे हातात घेऊन वजन अजमावत होती, जड वाटले ते बाजूला टाकत होती, कारण आकाराच्या मानाने जड वांग्यात बी जास्त. मग हिरव्यागार सालीला तेलाचा हात लावून दोन ठिकाणी सुरीचे टोक खुपसायचे आणि कपाशीच्या काड्यांच्या जाळावर टाकायचे. मी विचारले, गॅसवर का नाही? ती म्हणाली, ‘मग घरी भाजून खा ना भाऊ.’ काडी, जाळ आणि मजुरी धरूनही भाजलेल्या वांग्यात तिला कच्च्यापेक्षा बरेच अधिक सुटत होते. तुमच्याकडे कपाशीच्या काड्या बांधावर पेटवून देत असतील. अर्धा एकर भरताची वांगी, काड्यांची रचलेली गंजी आणि थंडीचे तीन महिने शहराच्या तोंडाशी एक टपरी, एवढ्यावर मुलाचा पहिला पगार निघाला तर मला नवल वाटणार नाही.

केळी पूर्ण सोडू नका, पण दीड-दोन एकरांवर ठेवा आणि सगळी मृगबाग लावू नका. जून-जुलैत लावलेल्या बागेचे घड पुढच्या मे-जूनच्या वादळाच्या तोंडीच भरलेले असतात. तुमचे नुकसान झाले ते असेच. निम्मी कांदेबाग, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली, केली तर एक वादळ सगळे नेत नाही. पश्चिमेच्या बांधावर शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ हवी, आणि फळपीक विमा काढताना हे लक्षात ठेवा की वारा आणि तापमान तुमच्या बांधावर मोजले जात नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर मोजले जाते.

या सगळ्यांच्या आधी पाणी येते, आणि येथे मला तुमच्या मुलाची खरी काळजी वाटते. जमीन विकल्याने शेती संपण्यापेक्षा पाणी गेल्याने ती लवकर संपते. पुढच्या तीन एकरांवर चाळीस-पन्नास घरे होतील आणि बहुतेक प्रत्येकाचा बोअर असेल, तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला. केळीला भर उन्हाळ्यात झाडामागे दिवसाला वीस लिटर धरले तर एकराला रोज पस्तीस हजार लिटर लागतात. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले असत, यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू-हरभरा आणि कोणता पडीक, हे सगळे मिळून ठरवत आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी फिरवी. आधी पाणी मोजायचे आणि मग पीक ठरवायचे, हा क्रम त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना ठाऊक होता. आपण ठिबक आल्यावर तो उलटा केला. ठिबकने पाण्याची बचत झाली हे खरे, पण वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी दोन एकर केळी लावली.

लग्नाचे थोडक्यात. मुली शेतीला नको म्हणतात, असे सगळे म्हणतात. माझ्या ओळखीच्या मुली कशाला नको म्हणतात, ते मी विचारले आहे. स्वतःच्या हातात एक रुपयाही न येता पहाटेपासून राबण्याला त्या नको म्हणतात. जो मुलगा बापाला खंड देतो आणि आईचा रोज वहीत लिहितो, त्याची वही मुलीच्या घरच्यांना दाखवण्यासारखी असेल. ती दाखवा. तोवर त्याने एखाद्या निविष्ठा (बी-खते-औषधे) केंद्रात किंवा माती परीक्षणाच्या कामात अर्धा दिवस नोकरी केली तर शेतकरीपणाला कमीपणा येत नाही. वरचा १०,२१८ रुपयांचा हिशेब पुन्हा पाहा.

पुढच्या तीन एकरांचे जे पैसे येतील, त्यांतला सर्वांत मोठा भाग तुम्हा दोघांच्या म्हातारपणाचा आहे. शेतकऱ्याला पेन्शन नसते, जमीन हीच त्याची पेन्शन असते आणि यजमान नेमकी तीच मोडायला निघाले आहेत. मोडायचीच तर तिची पेन्शनच करा. काही रक्कम दोघांच्या संयुक्त नावाने पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत आणि साठी झाल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा, बाकीची बँकेत. मुलीचा वाटा वेगळा काढा. मुलाला यातून फक्त एका हंगामाचा खर्च द्या, तोही उसनवार, वहीत लिहून. जळगावातल्या घराची घाई करू नका. चार एकरांवर मुलगा असताना तुम्ही दोघे तिथे तिसऱ्या मजल्यावर काय करणार आहात?

आखाजीला मुलगी माहेरी येईल. सालदाराचे आणि नफ्याचे वर्षही आपल्याकडे आखाजीलाच सुरू होते. तोपर्यंत लेआउटवाल्याला हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. त्याला खरोखर जमीन हवी असेल तर तो थांबेल. त्या दिवशी जेवणे झाल्यावर पाचही जण, म्हणजे जावईबापूंनाही धरून, वही घेऊन बसा.

दरम्यान मुलाला एक काम सांगा. आजपासून आखाजीपर्यंत रोज सकाळी मोटार सुरू करण्यापूर्वी विहिरीत दोरी सोडून पाणी किती हातांवर आहे ते लिहायचे, मोटार किती तास चालली ते लिहायचे, आणि आठवड्यातून एकदा दोनशे लिटरचा ड्रम धारेखाली धरून तो किती सेकंदांत भरला ते लिहायचे. ते तीन रकाने मला पाठवा. चार एकरांत केळीचे किती खोड झेपेल, हे मी त्यावरून सांगेन.